दादा, शनिवारच्या आत फेडायचं आहे

शहापूर, गुरुवार

प्रिय दादा,

मधली सुट्टी संपली, पोरं वर्गात गेली आणि मी शाळेच्या ऑफिसात माझ्या टेबलाशी बसून तुला लिहिते आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "सुमे, सरकारच्या टायमात घरचं लिवतेस व्हय गो?" लिहिते. संध्याकाळी गावी वैशाखऱ्याला वहिनींच्या समोर जाऊन बसायचं आहे. त्याआधी तुझ्याशी बोलले नाही, तर तिथे माझं तोंड उघडणार नाही.

मी तुझ्या मनीषाला क्रेडिट कार्डावर कापड घेऊन दिलं. कार्ड माझं, कापड तिचं. शनिवारपर्यंत ते बिल पूर्ण भरायचं आहे, आणि आज माझ्याजवळ त्याच्या निम्मेच पैसे आहेत.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. गेलेल्या माणसाला काय कळतं आणि काय नाही, हे मला ठाऊक नाही. पण पितृपक्ष चालू आहे, येत्या बुधवारी तुझी तिथी आहे, आणि वहिनींनी मला विचारून ठेवलं आहे, "पान वाढीन तवा काय सांगू त्यांला? तुमच्या भयनीनं तुमची आण मोडायला लावली म्हणून?" तेव्हापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

मी पोरीला तुझी शपथ मोडायला लावली का? रोजच्या वहीत हा प्रश्न मी इतक्या वेळा लिहिला आहे की आता उत्तरापेक्षा प्रश्नाचंच अक्षर मला ओळखीचं झालं आहे.

ते तुझं कार्ड आठवतं? पगाराच्या दिवशी भातसानगरला तुमच्या धरणाच्या कॉलनीत टाय लावलेली दोन पोरं आली, कँटीनच्या बाहेर टेबल मांडून बसली. तुमच्या साहेबांनी सही केली म्हणून सगळ्यांनी केली, सगळ्यांनी केली म्हणून तू केलीस. पहिलं वर्ष फुकट म्हणाले होते. काही दिवसांनी कार्ड घरी आलं तेव्हा मी तिथेच होते. तू ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलंस आणि म्हणालास, "बघ, आमी मुंबईला पाणी धाडतो आन मुंबई आमाला पत्रा धाडते." वहिनी हसल्या, मी हसले. मग तू विचारलंस, याचं करायचं काय. मी म्हणाले, आता वस्तू घ्यायची, पैसे नंतर द्यायचे.

"म्हंजे कर्ज," तू म्हणालास, आणि पानाच्या डब्यातला अडकित्ता काढलास.

ते कार्ड सुपारीसारखं फुटत नव्हतं. तू दात खाऊन त्याचे तुकडे केलेस आणि चुलीत टाकलेस. वहिनी कितीतरी वेळ बडबडत होत्या की भाकरीला घाण वास लागला. तू मात्र अंघोळ करून आल्यासारखा मोकळा झालेला दिसत होतास. आपल्याकडे देणं फिटलं की समोरासमोर कागद फाडतात. तू देणं होण्याच्या आधीच फाडून टाकलास. यापुढे त्या बँकेचा आणि आपला संबंध संपला, असं तुला मनापासून वाटलं.

मग पाकिटं येऊ लागली. तू पोस्टमनला सांगितलंस, "नाय घेत. लिव त्याच्यावर, घेतलं नाय म्हनून." जो कागद हातात घेतला नाही तो आपल्याला बांधत नाही, हा तुझा हिशोब. कोर्टाच्या समन्साबद्दल गावातली माणसं असंच बोलतात, नाही का? एकामागून एक पाकीट परत गेलं. आत काय होतं ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या वर्षाची फी होती, फी भरली नाही म्हणून दंड होता, दंडावर व्याज होतं. कार्ड चुलीत जळालं तरी बँकेतलं खातं जिवंत होतं आणि ते तुझ्या नावावर वाढत होतं.

मी दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे आले होते तेव्हा ती दोन माणसं मोटरसायकलवरून आली. सरळ घरी आली असती तर मी त्यांना पाणी दिलं असतं. ती कॉलनीच्या दुकानापाशी थांबली आणि मोठ्याने तुझं नाव घेऊन विचारू लागली, पैसे बुडवणारा तो कुठे राहतो. ज्या दुकानात तू कधी एक चहाही उधार प्यायला नव्हतास, त्या दुकानापाशी.

तू पैसे आणून दिलेस. भांडला नाहीस, पावतीही मागितली नाहीस. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलास. मी म्हणाले, "दादा, तू त्या कार्डावर काडेपेटीसुद्धा घेतली नाहीस. आपण तक्रार करू, मी अर्ज लिहिते. फक्त एखादं पाकीट दे मला." आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की घरात एकही पाकीट नाही.

एक पाकीट फोडलं असतंस, दादा. पहिलंच. एका अर्जात ते खातं बंद झालं असतं. तुला कर्जाची भीती होती, मान्य. पण कागद वाचण्याचीही भीती वाटावी, एवढी ती कधी वाढली?

त्याच दिवशी तू मनीषाला जवळ बोलावलंस, तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवलास आणि म्हणालास, "असला पत्रा कंदी हातात धरनार नाय, म्हन." बारावीतली पोर. तिचा त्यात काय संबंध होता? ती रडत रडत म्हणाली, "नाय धरनार." घाव तुला बसला होता आणि पट्टी तू तिला बांधलीस. हे मी तुझ्या हयातीत बोलले नाही. आज बोलते.

पुढच्या वर्षी मी स्वतःचं कार्ड घेतलं तेव्हा तुला सांगूनच घेतलं. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. नंतर एवढंच म्हणालास, "तुझं तू बघ. माझ्या घरात नको आनूस." म्हणून सुट्टीत गावच्या घरी तुझ्याकडे आले की माझी पर्स पडवीतल्या खुंटीला लटकायची. वहिनी विचारायच्या, "काय, मांजर बांधलं का भायेर?"

कार्डाने माझं कधी नुकसान झालं नाही, कारण जे रोखीने घेतलं असतं तेच मी त्यावर घेतलं. लोखंडी कपाट घेतलं, एकदा आईच्या डोळ्यांचा चष्मा घेतला. बिल आलं की त्याच दिवशी फोडायचं, ओळ न् ओळ वाचायची, आणि सगळं भरायचं. मशीनमधून त्यावर नोटा मात्र कधीच काढायच्या नाहीत, त्याचं व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. कुणी शिकवलं नव्हतं, मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं वाचून काढलं. तुला हे समजावून सांगायचं राहिलं, असं मी म्हणणार नाही. गावी असलो की मी सांगत होते, तू उठून बैलांना पेंढा घालायला जात होतास.

आता मनीषाचं सांगते.

तू गेल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं. दोघी वैशाखऱ्याला गावच्या घरी आल्या. मनीषाने पडवीत शिलाई मशीन टाकलं, मग दुसरं टाकलं. ब्लाउज, परकर, शाळेचे फ्रॉक. या उन्हाळ्यात मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याने तिला विचारलं, पॅकिंगच्या कामगारांचे शर्ट-पँट आणि अ‍ॅप्रन शिवून देशील का. कापड तुझं, शिलाई तुझी, पैसे माल पोचल्यावर. तुझ्या पोरीने हो म्हटलं आणि मग कापड कुठून आणायचं याचा विचार करू लागली. हे मात्र तुझ्यावर गेलेलं नाही.

उल्हासनगरचा व्यापारी नव्या गिऱ्हाइकाला उधार देत नाही. "पहचान नहीं, उधार नहीं," त्याने तोंडावर सांगितलं. पतपेढीला दोन जामीन हवे होते, सोनं हवं होतं, शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून. तुझ्या फंडाची ठेव मुरबाडच्या बँकेत वहिनींच्या नावावर आहे. पण तिच्याबद्दल विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "त्याला हात लावायचा नाय. तो पैसा नाय, मानूस हाय माजा."

मग त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

श्रावणात मनीषा शहापूरला माझ्या खोलीवर आली. चहा पुढे ठेवला तर घेईना. म्हणाली, "आत्या, तुझ्या कार्डाला मी हात लावनार नाय. तू दुकानात ये, तूच दे, तूच सही कर. मी बाहेर उभी ऱ्हाते." मी तिला आधी एकच विचारलं, कारखान्याने वेळेत पैसे दिले नाहीत तर? मग मी हिशोब मांडला. कापडाचं बिल माझ्या दोन पगारांइतकं होणार होतं. बँकेत माझ्याकडे एका पगाराएवढी शिल्लक होती, आणि बिल भरायच्या आधी हातात एक पगार यायचा होता. म्हणजे कारखान्याने एक पैसा दिला नसता तरी मी फेडू शकले असते. महिनाभर डाळभात खाऊन, पण फेडू शकले असते. एवढं जमल्यावरच मी निघाले. मागचं बिल निघालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी खरेदी केली, म्हणजे फेडायला जास्तीत जास्त दिवस मिळतात.

ती खरंच दुकानाबाहेर उभी राहिली. पाठ करून. मी सही केली, तेव्हा ती रस्त्यावरच्या हातगाड्या बघत होती. तिला वाटतं, हात लावला नाही म्हणजे शपथ राहिली. दादा, तुझी शपथ हाताची होती का मनाची? मनाची असेल तर ती श्रावणातच मोडली, आणि मोडणारी मी आहे.

कपडे गणपतीच्या आधी पोचले. कारखान्याच्या स्टोअरचे साहेब खूश होते, म्हणाले अनंत चतुर्दशी झाली की चेक घेऊन जा. चतुर्दशी झाली. साहेब गावाला गेले होते. मग आले, तर वरच्या साहेबांची सही राहिली होती. काल मनीषा कारखान्याच्या गेटवर उभी राहून आली. वॉचमन म्हणाला, "बाई, सही झाली तर आमीच आणून दिऊ की घरी." चेष्टेत म्हणाला असेल. तिला ती चेष्टा लागली.

आणि ज्याच्या भरवशावर मी सही केली तो माझा पगार या महिन्यात आलेलाच नाही. शाळेच्या पगाराचं बिल वरती कुठेतरी अडकलं आहे. सगळ्या स्टाफचं अडकलं आहे. मुख्याध्यापक म्हणतात, पुढच्या आठवड्यात. शनिवार त्याच्या आधी येतो.

सकाळी मनीषाचा फोन आला होता. "आत्या, बिलावर खाली एक बारकी रक्कम असते ना, मिनिमम. तेवढीच भर. बाकीचं फुडल्या महिन्यात. दंड लागत नाय म्हने."

"दंड लागत नाही, व्याज लागतं," मी म्हणाले. "राहिलेल्यावर नाही. सगळ्यावर. कापड घेतलं त्या दिवसापासून."

"मग ती रक्कम लिवतात कशाला?"

"आपण तेवढीच भरावी म्हणून."

ती म्हणाली, "मग बाबांचं काय चुकलं?"

बघ दादा, तुझी पोर तुझ्या बाजूने अशी उभी राहते. हे कार्ड लबाड आहे, हे तू बरोबर ओळखलं होतंस. पण लबाड माणसाशी व्यवहार करायचा तर डोळे उघडे ठेवायला लागतात, तू मिटून घेतलेस. एवढंच चुकलं. पण तेवढं फोनवर सांगता आलं नाही.

आता घंटा होईल. शेवटच्या तासानंतर मुरबाडची एसटी पकडते आणि तिथून वैशाखऱ्याची. ठेवीचं पुन्हा विचारण्यावाचून दुसरा मार्ग मला दिसत नाही. त्या नाही म्हणाल्या तर? तर मनीषा म्हणते तसं ते बारकं भरायचं, आणि मग तुझी भीती खरी ठरेल आणि ती खरी ठरवणारी मी असेन.

कल्याण, शनिवार

दादा, पत्र पर्समध्येच होतं. पुढचं लिहिते. एसटी स्टँडवर बाकावर बसले आहे, मुरबाडची गाडी लागायची आहे.

गुरुवारी पोचले तेव्हा वहिनी पडवीत सुपात तांदूळ पाखडत होत्या. "ये" म्हणाल्या नाहीत, पण तांब्या आणून पुढे ठेवला. मनीषा मशीनवर होती, तिने मान वर केली नाही.

"वहिनी, पैसे कमी पडतायत," मी म्हणाले. फिरवून बोलायला मला जमत नाही, तुला माहीत आहे.

"पडनारच." सूप खाली-वर होत राहिलं.

"शनिवारपर्यंत भरायचेत."

"त्यांच्या ठेवीचं इचारायला आला असाल तर जेवा आन जा, सुमनताई."

मशीन थांबलं. मनीषा तशीच पाठमोरी बसून म्हणाली, "आई, यंदा लावनीला आपल्या शेतात कोन कोन होतं?"

"तुला म्हाईत नाय?"

"सांग ना."

"सावडीच्या बाया होत्या. अर्धी आळी होती."

"त्यांला मजुरी दिली?"

"येडी का खुळी? सावडीला मजुरी आस्ते का? त्या आपल्याकडं आल्या, आपन त्यांच्याकडं गेलो. फिटली सावड."

"मंग तवर ते उसनंच होतं ना आपल्यावर? त्यांचे हात आपन आधी घेतले."

वहिनींचं सूप थांबलं. "ते येगळं. ते मानसांचं हाय. हातानं घेतलं, हातानं फेडलं. त्याला याज नाय."

"ह्याला पन नाय," मनीषा म्हणाली. "ठरल्या दिवशी पुरं फेडलं तर एक पैसा नाय. आत्याला इचार."

वहिनींनी दोन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "खरं?"

"खरं."

"आन नाय फेडलं तर?"

मी काही लपवलं नाही. पतपेढीच्या दुपटीने व्याज, तेही सगळ्या रकमेवर, वर दंड, दंडावर पुन्हा व्याज. वहिनी म्हणाल्या, "सावकार बरा म्हनायचा." मी म्हणाले, "बरोबर आहे. म्हणून तर आले."

त्या बराच वेळ तांदळातले खडे वेचत बसल्या. मला वाटलं, संपलं. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "घरात दोन बाया आसल्या तर दोन बायांचीच सावड बोलवायची, तीन बोलवली तर तिसरीची फेडनार कोन? ह्ये त्यांचं बोलनं. एकदा ताप होता अंगात, तरी सावड फेडायला गेले. मी म्हनलं उद्या जावा. म्हनले, उद्या त्यांची लावनी सरली तर माजे हात काय कामाचे."

दादा, हे मला ठाऊक नव्हतं. तापात चिखलात उभा राहिलास? तू जन्मभर उसनं घेतलंस आणि जन्मभर वेळेवर फेडलंस, आणि त्याला कर्ज म्हणायचं तुझ्या मनातही आलं नाही. मग त्या एका कार्डाने तुला एवढं का हरवलं? त्याच्यामागे तोंड नव्हतं म्हणून? ज्याची फेड करायची तो कोण, कुठल्या आळीतला, हे कळत नव्हतं म्हणून? मला वाटतं, तेच असावं. तोंड ओळखीचं नसेल तर ठरलेला दिवस ओळखीचा करून घ्यावा लागतो. मला हे इतकी वर्षं कार्ड वापरूनही शब्दांत सांगता आलं नव्हतं.

मी हे काहीच बोलले नाही. बोलले असते तर वहिनींना वाटलं असतं, मी जिंकले. मी जिंकले नव्हते. मला फक्त शनिवार दिसत होता.

वहिनी उठल्या, पदराला हात पुसले. "सावड न फेडता ठेवली की फुडल्या साली बांधावर कोन उभं ऱ्हात नाय. शनवारचं उद्याच करा. पन ठेव मोडायची नाय."

"मग कसं, आई?" मनीषा म्हणाली.

"ते बँकेत बसल्यात त्यांला इचारायचं. त्यांला पगार कशाचा मिळतो?"

शुक्रवारी मी रजा टाकली आणि तिघी मुरबाडच्या बँकेत गेलो. टेबलामागे एक तरुण बाई होती. तिने सांगितलं, दोन वाटा आहेत. ठेव मोडायची, नाहीतर ठेव तशीच ठेवून तिच्यावर उचल घ्यायची. महिन्याभराचंच काम असेल तर मोडण्यापेक्षा उचल स्वस्त पडेल.

"उचल म्हंजे कर्ज," वहिनी म्हणाल्या. अगदी तू म्हणाला होतास तसंच.

"हो आजी, पण तुमच्याच पैशांवर."

"मी आजी नाय झाले आजून. आन ठेव तशीच ऱ्हाते?"

"तशीच. उचल फेडेपर्यंत आमच्याकडे बांधलेली राहील, एवढंच."

वहिनींनी तिला व्याज किती, कसं, कधीपासून, मुदतीच्या आधी फेडलं तर कमी होतं का, हे सगळं विचारलं. एकदा विचारून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मागची रांग कुरकुरायला लागली तर मागे वळून म्हणाल्या, "थांबा जरा. पयलंच हाय माजं." मनीषा हळूच म्हणाली, थोडे जास्त घेऊ या, पुढच्या ऑर्डरची बटणं-दोरा आणता येईल. वहिनींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कमी पडले तेवढेच. बटनं नंतर."

आणि मग तुझ्या बायकोने कर्जाच्या कागदावर सही केली, दादा. तुझ्या घरातल्या पहिल्या कर्जावर. पेन इतकं दाबून धरलं होतं की खालच्या कागदावरही अक्षर उमटलं.

आज मी एकटी कल्याणला येणार होते. वहिनी सकाळी गडद निळं लुगडं नेसून तयार. "उचल माज्या नावावर हाय. पावती माज्या हातात पायजे." कार्डाच्या बँकेत काउंटरवर रोख भरली, निम्मी माझी, निम्मी त्यांची. रोखीने भरल्याचे थोडे जादा पैसे पडतील, असं तिथला मुलगा म्हणाला. "पैसे द्यायला बी पैसे?" वहिनींनी मोठ्याने विचारलं. त्या मुलाला हसू आवरेना. शिक्का मारलेली पावती त्यांनी घडी करून बटव्यात ठेवली, मला नीट बघूही दिली नाही. बाहेर पायरीवर आल्यावर एकदा पुन्हा काढून बघितली आणि म्हणाल्या, "फिटलं ना पुरं? ऱ्हायलं नाय ना काय?" मी म्हणाले, पुरं. या बँकेचं पुरं.

कारखान्याचे पैसे अजून आलेले नाहीत. मनीषा आज पुन्हा गेटवर गेली आहे. सोमवार म्हणाले आहेत. सोमवार म्हणजे सोमवार की नुसतं सोमवार, मला ठाऊक नाही. कधीच आले नाहीत तर? तर तुझ्या ठेवीवरचं ओझं माझं. पगार सुटला की पहिली रक्कम मुरबाडला जाईल. हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगते.

आत्ता त्यांनी शेजारून विचारलं, "कुनाला लिवताय येवढं?"

"दादाला."

त्यांनी बटव्यावर हात ठेवला. समोरून दोन गाड्या गेल्या. मग म्हणाल्या, "मंग लिवा. ठेव तशीच हाय म्हनावं, मोडली नाय. उचल माज्या नावावर हाय, पोरीच्या नाय."

"आणि आण?" मी विचारलं. भीत भीतच.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आण त्यांनी घातली कारन त्यांला भ्या वाटलं व्हतं. त्यांचं भ्या त्यांच्यासंगं गेलं. पोरीनं ते का वागवायचं?" मग लगेच, "ह्ये लिवू नका."

मी लिहिलं. मला क्षमा कर, किंवा करू नकोस. पण हे तुला कळायला हवं होतं, आणि माझ्या शब्दांत नको होतं.

शपथ मोडली नाही, असं मी आता म्हणणार नाही. पोरीने हात लावला नाही वगैरे वकिली आहे ती. मोडली. बुधवारी पान वाढतील तेव्हा मी तिथे असेन. काही रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. मनीषाकडे बघू नकोस.

आणि एक वचन देते. ठेवीवरची उचल शेवटच्या पैशापर्यंत फिटेपर्यंत माझं कार्ड पाकिटातून बाहेर येणार नाही, कितीही अडलं तरी. पण ती फिटली, आणि मनीषाला पुन्हा काम मिळालं, आणि फेडीचे पैसे कुठून यायचे त्याच्या दोन वाटा आधी लिहून काढता आल्या, तर मी ते कार्ड पुन्हा काढीन. तेव्हा तुला विचारणार नाही, दादा. कळवीन.

तुझी धाकटी,
सुमन